त्याला पोहता येत होतं

माझ्या नवऱ्याला पोहायला माझ्या वडिलांनीच शिकवलं. तेव्हा तो शाळेत होता, आणि मी तलावाच्या पायरीवर सगळ्या पोरांचे कपडे सांभाळत बसलेली असायचे. बाबा पुरानी बस्तीतल्या एका शाळेत खेळाचे मास्तर होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत भल्या सकाळी ते पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, पोरं गोळा करून तलावावर न्यायचे. नव्या पोराच्या कमरेला दोर, पोटाखाली टायरची ट्यूब, आणि काठावरून बाबांचा आवाज: "हात मार, हात! काहून भिते? ज्याले पोहता येते त्याले पाणी काहीच करत नाही!"

बाकीची पोरं एक-दोन उन्हाळे यायची आणि क्रिकेटकडे वळायची. हा मात्र येतच राहिला. तलाव या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता पार करायचा, पलीकडच्या देवळाच्या पायरीला हात लावून परत यायचा, आणि बाहेर आला की धापही लागलेली नसायची. पुढे पुढे बाबा नव्या पोरांना त्याच्या हवाली करून स्वतः काठावर चहा पीत बसायचे. "हा माझा सगळ्यात चांगला पोट्टा," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

त्यानं मला मागणी घातली तीही तलावावरच. मी तिथं नव्हते, पण ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली की मला ती पाहिल्यासारखी वाटते. तोपर्यंत त्याचा डिप्लोमा झाला होता, सिलतऱ्याला लोखंडाच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये नोकरी लागली होती. दोघं पोहून पायरीवर अंग पुसत उभे होते.

"सर, एक सांगायचं होतं," तो म्हणाला.

"सांग न."

"तुमची पोरगी..."

बाबांनी टॉवेल खांद्यावर टाकला, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि छातीवर हात ठेवून त्याला परत पाण्यात ढकलून दिलं. तो वर आला तेव्हा बाबा हसत होते. "घरी ये संध्याकाळी," ते म्हणाले. "अन् कोरडा होऊन ये."

आई तेव्हा होती. तिला तो पहिल्यापासून आवडायचा. त्याचे आईवडील भिलाईला मोठ्या भावाकडे राहायचे, त्यांचीही काही हरकत नव्हती. लग्न झालं आणि मी आमच्याच गल्लीत, बाबांच्या घरापासून हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर राहायला गेले. त्याच्या आईसमोर त्याला "तुम्ही" म्हणायचं आणि घरी दार लावलं की "तू". कधी गडबडीत उलटं व्हायचं. त्याला त्याची फार मजा वाटायची.

मुलगी झाल्यानंतर काही वर्षांनी कारखान्यानं त्याला पाण्याच्या कामावर टाकलं. लोखंडाच्या कारखान्याला पाणी किती लागतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. नदीवर एनीकट आहे, म्हणजे पाणी अडवायला बांधलेली आडवी भिंत. तिच्या वरच्या अंगाला साठलेल्या पाण्यात कारखान्याचा एक मोठा लोखंडी तराफा तरंगतो आणि त्याच्यावर पंप बसवलेले आहेत. नदी वर-खाली झाली की तराफाही वर-खाली होतो, त्यामुळे पाणी कायम मिळतं. सगळे त्याला बार्ज म्हणतात. काठापासून तिथपर्यंत लोखंडी जाळीचा अरुंद पूल आहे. त्या पंपांची दुरुस्ती याच्याकडे आली.

तो खूश होता. कारखान्यातल्या धुरापेक्षा नदी बरी, म्हणायचा. पाळी संपवून आला की अंगाला शेवाळाचा आणि ग्रीसचा वास यायचा. बार्जवर त्याच्या जोडीला एक पंप ऑपरेटर होते, जवळच्याच गावचे, पन्नाशीचे. पंप चालू-बंद करायचे, मीटर पाहायचे. त्यांना पोहता येत नव्हतं. म्हणून ते पुलावर पाय ठेवायच्या आधीच नारिंगी लाइफ जॅकेट चढवायचे, पट्टे आवळून बांधायचे आणि पाळी संपून काठाला लागेपर्यंत काढायचे नाहीत. भर मे महिन्यातसुद्धा.

"आम्ही त्यायले दुल्हा म्हणतो," एकदा रात्रीच्या जेवणाला तो सांगत होता. बाबाही त्या दिवशी आमच्याकडे जेवायला होते. "सजून-धजून येते बुवा. आज मले म्हणे, तुम भी पहनो साहब. मी म्हटलं, भैया, मी तर पाण्यातच लहानाचा मोठा झालो."

"अन् तुमचे सेफ्टीवाले काही म्हणत नाही?" मी विचारलं.

"म्हणतात न. ते आले की घालतो. गेले की खुंटीवर. ते घालून पान्हा फिरवून पाहा तू, हातच चालत नाही. घामानं जीव जाते."

"याले काय जॅकेट सांगतं तू," बाबा मला म्हणाले. "मासोळीले कोणी ट्यूब बांधते का?"

आम्ही सगळे हसलो. मुलगीही हसली, आणि तिनं हिंदीत विचारलं, "पापा, आप मछली हो?" तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच येतं.

दसरा होऊन गेला होता. पावसाळ्यात वरून वाहून आलेली जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, एनीकटला येऊन अडकली होती, नदीवर हिरवी चादर अंथरल्यासारखी. पंपाचा जो पाइप पाणी ओढतो त्याच्या तोंडाला जाळी असते. त्या जाळीत तिची मुळं गुंतायची आणि पंप कोंडायचा. रोजचीच कटकट. त्याच आठवड्यात एक पंप दुरुस्तीला वर उचलायचा म्हणून बार्जच्या एका बाजूचं रेलिंग काढलेलं होतं. पंप गेला, रेलिंग परत लागलं नाही. त्या जागी एक दोरी बांधून ठेवली होती.

मी शंकर नगरला डोळ्यांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर काम करते. दुपारची वेळ होती. एका आजोबांच्या डोळ्यांत औषध घालून त्यांना बाकावर बसवत होते, तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"दीदी, भैया को थोड़ी चोट लगी है. आप आ जाओ."

"कितना लगा है?" मी विचारलं.

मागं पंपाचा आवाज येत होता, कोणीतरी ओरडत होतं. मग पलीकडचा माणूस म्हणाला, "आप बस आ जाओ, दीदी. किसी को साथ लेकर आना." तेवढ्यावरून मला कळलं. तरी मी त्या आजोबांना सांगितलं, डोळे उघडू नका, दहा मिनिटं तसेच बसा, आणि पर्स घेऊन बाहेर पडले.

बाबा आणि मी ऑटोनं निघालो. अर्ध्या वाटेत फोन आला की नदीवर येऊ नका, सरकारी दवाखान्यात या. गावातल्या केवटांनी, म्हणजे नावाड्यांनी, पाण्यात नाव घालून, जलकुंभी बाजूला सारत, त्याला शोधून काढलं होतं. बाबा शवागाराच्या दारात उभ्या माणसाला परत परत एकच सांगत होते, "तुमची चूक होऊन राहिली. दुसरा कोणी असन. याले पोहता येते." तो माणूस बिचारा हिंदीवाला, त्याला काही कळत नव्हतं. मग बाबा हिंदीत म्हणाले, "उसको तैरना आता है भैया, मैंने सिखाया है." तेव्हा त्यानं नुसती मान खाली घातली.

मी आत गेले. कपाळाच्या वर, केसांत, जखम होती. केस ओले होते आणि त्यांत जलकुंभीचं एक बारीक मूळ अडकलेलं होतं. मी ते काढलं. पायात बूट तसेच होते, लोखंडी टोकाचे, नाडी घट्ट बांधलेली.

त्यानंतरचे दिवस माझ्या लक्षात तुकड्या-तुकड्यांनी आहेत. माणसं यायची, बसायची आणि कोणी ना कोणी म्हणायचंच, "पण त्याले तर पोहता येत होतं न?" म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसायचं. दुसरं काही सुचायचंच नाही त्यांना. दर वेळी बाबा उठून आतल्या खोलीत जायचे. मुलीनंही तेच विचारलं, पण तिनं फक्त मला विचारलं. "मम्मी, पापा को तो तैरना आता था न? फिर?" मी तिला जवळ घेतलं.

तेराव्यानंतर ते ऑपरेटर आले. दाराबाहेर चप्पल काढून तिथंच उंबऱ्याशी बसले, आत यायला तयार होईनात. बाबांनी हाताला धरून आणलं. मी पाणी दिलं, ते त्यांनी खाली ठेवलं. मग नजर वर न करता बोलले. अर्धं हिंदी, अर्धं छत्तीसगढी. आमचा सगळा जन्म इथलाच, त्यामुळे आम्हाला सगळं कळत होतं.

पंप कोंडला होता. ते केबिनमध्ये मीटरपाशी होते. माझा नवरा आकडीचा बांबू घेऊन त्या रेलिंग नसलेल्या बाजूला जलकुंभी ओढायला गेला. जॅकेट केबिनमध्ये खुंटीवर होतं. आधी लोखंडावर काही आपटल्याचा आवाज आला, मग पाण्याचा. ते धावत बाहेर आले तर पाण्यावर फक्त हेल्मेट होतं.

"मैं चिल्लाएंव, बहिनी. रस्सी फेंकेंव. ओहर हाथ नइ उठाइस." त्यांनी दोर फेकला, पण त्यानं हात वर केलाच नाही.

"टायर नव्हता का? रिंग? फेकायची?" बाबांनी विचारलं.

"रिहिस, गुरुजी. किनारे के स्टोर में. ताला लगे रिहिस."

रिंग होती, पण काठावर, कुलपात. पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. ज्यांना पोहता येत नव्हतं ते ऑपरेटर पाण्यात उतरले होते. तो जिथं गेला तिथंच त्यांनी उडी टाकली होती.

"जैकेट हर मोला ऊपर धरे रिहिस, बहिनी. मैं खाल्हे नइ जा पाएंव."

म्हणजे ते वर तरंगत होते आणि माझा नवरा त्यांच्या खाली कुठंतरी होता. त्यांनी हातानं पाणी चाचपलं, पाय खाली सोडून चाचपलं. पायाला काही लागलं नाही, नुसती मुळं लागली. केवट येईपर्यंत ते तसेच तिथं तरंगत राहिले.

हे सांगून ते दोन्ही तळहात माझ्यासमोर उघडे धरून रडले. मी त्यांचे हात खाली केले. त्यांच्यावर रागवावं असं माझ्या मनात कुठंही नव्हतं. बाबा भिंतीकडे पाहत होते. ऑपरेटर गेल्यावर बाबा म्हणाले, "त्या माणसाले पोहता येत नाही, तो जिवंत आहे." आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

थंडी सुरू झाली होती. मी आणि मुलगी बाबांकडेच राहायला आलो होतो. एका सकाळी चहा द्यायला गेले तर बाबा खाटेवर नव्हते. दाराशी माझ्या नवऱ्याच्या सामानाची पिशवी उघडी पडली होती. त्याचे जुने सेफ्टी शूज तिच्यात नव्हते. कारखान्याची जाड पॅंट नव्हती. मी तशीच, अंगावर शाल न घेता, तलावाकडे धावले.

बाबा पायऱ्या उतरत होते. ती पॅंट, ते बूट घातलेले. पाणी त्यांच्या कमरेपर्यंत आलं होतं.

"बाबा!" मी ओरडले. "बाबा, काय करून राहिले तुम्ही?"

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. एक पायरी खाली, मग आणखी एक, आणि मग त्यांनी पाण्यात झोकून दिलं. मी वरून धडपडत खाली आले. तेव्हा दिसलं की त्यांच्या कमरेला दोर होता आणि त्याचं दुसरं टोक घाटाच्या कडीला बांधलेलं होतं. बाबांचे हात मी लहानपणापासून पाण्यावर पाहिले आहेत. वेगळेच हात दिसत होते ते. पाच-सात हात मारले आणि कंबर खाली जायला लागली. त्यांनी पाय मारायचा प्रयत्न केला, पायाऐवजी नुसतं पाणी ढवळलं गेलं. हनुवटी पाण्यात गेली. मी दोर पकडला आणि अंगात होता तेवढा जोर लावून ओढला. तेही दोर धरून आले. पायरीवर पडले, खोकले, तोंडातून पाणी काढलं.

मी त्यांना मारलं. खरंच मारलं, पाठीवर, दोन्ही हातांनी. "मी काय करू एकटी? पोरगीले घेऊन काय करू मी? तुम्हीही चालले का?"

"मी मरायले नव्हतो आलो," बाबा म्हणाले. दात वाजत होते त्यांचे. "मले पाहायचं होतं. त्याले काय झालं असन, ते मले पाहायचं होतं."

मी खाली बसून त्यांच्या बुटांची नाडी सोडायला लागले. ओली नाडी सुटत नव्हती. बाबा वरून बोलत होते, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे. "बुटात पाणी भरते. पॅंट पायाले चिकटते. शुद्धीवर असता तरी मेहनत पडली असती त्याले. अन् डोक्याले लागल्यावर कायचं पोहणं. मी जन्मभर पोट्ट्यायले काय सांगतलं? ज्याले पोहता येते त्याले पाणी काही करत नाही. चड्डीवर, सकाळच्या वेळी, तलावात! कामावरच्या माणसाले कोणी चड्डीवर पाठवते का पाण्यात?"

एक बूट निघाला. त्यातून पाणी सांडलं. मी दुसऱ्याला हात घातला.

त्यानंतर बाबांनी कारखान्याच्या गेटवर जायला सुरुवात केली. बसनं सिलतऱ्याला जायचे, गेटवर बसायचे. मला वाटलं, ते भांडायला जातात. भरपाईचं जे काही होतं ते भिलाईच्या थोरल्या दिरांनी पाहून घेतलं होतं, त्यात बाबा पडले नाहीत. त्यांना एकच हवं होतं. बार्जवरच्या माणसांना एकदा दाखवायचं होतं. गेटवरचे लोक त्यांना चहा द्यायचे आणि परत पाठवायचे. शेवटी त्या ऑपरेटरनी आतून खटपट केली. नव्यानं आलेला एक सेफ्टी ऑफिसर, तिशीचा, भला मुलगा, बाबांना भेटला. सुरक्षा सप्ताह होता, काहीतरी कार्यक्रम करायचाच होता.

"अंकल, आप दो शब्द बोल दीजिए," तो म्हणाला. "पानी में क्यों जाना है?"

"बोलने से कौन पहनता है, बेटा?" बाबा म्हणाले. "मेरे सामने मेरा दामाद नहीं पहनता था. और मैं हँसता था."

वरच्यांना विचारून त्या मुलानं हो म्हटलं. बाबांना दोर बांधायचा, दोन केवट नाव घेऊन जवळ थांबतील, या अटीवर.

मीही गेले. ती जागा मी पहिल्यांदा पाहत होते. मनात मी तिला फार मोठी, भयंकर करून ठेवली होती. प्रत्यक्षात शांत पाणी, पलीकडं शेतं, गाई, काठावर एक पिंपळ. बार्ज एखाद्या लग्नाच्या मांडवाएवढा. रेलिंग आता चारही बाजूंनी होतं, पिवळा रंग दिलेलं. पुलावर पाय घसरू नये म्हणून खरखरीत पट्ट्या मारल्या होत्या. फेकायची रिंग दोरासकट बार्जवरच, हात लांबवला की मिळेल अशी टांगलेली. हे सगळं आता होतं. मी त्या रेलिंगला हात लावला. उन्हानं तापलं होतं.

पाण्यावर काम करणारी सगळी माणसं काठावर जमली होती. काही हसत होती, कोपर मारत होती. सत्तरीला आलेला एक म्हातारा बूट-पॅंट-हेल्मेट घालून उभा, हसणारच. बाबांनी आपण कोण, हे सांगितलं. हसणं थांबलं.

"मैंने आधी पुरानी बस्ती को तैरना सिखाया है," ते म्हणाले. "जो यहाँ गया, वो मेरा सबसे अच्छा लड़का था. उससे अच्छा तैरने वाला तुम में कोई है तो हाथ उठाओ."

कोणी हात उठवला नाही.

"तैरना आता है तो अच्छा है. पर सिर पे लगी तो तैरने वाला और न तैरने वाला एक है. अब देखो."

त्यांनी जॅकेट चढवलं, मानेमागं जाड उशी असलेलं. पट्टे आवळले, मांडीखालचा पट्टासुद्धा. बार्जच्या शिडीनं पाण्यात उतरले. "मैं अब बेहोश हूँ," म्हणाले आणि त्यांनी अंग सोडलं. पालथे. तोंड पाण्यात, हात दोन्हीकडे लोंबकळत. तसे ते क्षणभरच राहिले असतील. मग त्यांनी काही न करता, बोटही न हलवता, जॅकेटनं त्यांना हळूहळू फिरवलं. खांदा वर आला, मग कान, मग तोंड. ते उताणे झाले. डोळे मिटलेले, तोंड उघड्या आभाळाकडे, नाकात वारा. पाणी त्यांना हलवत होतं आणि ते प्रेतासारखे पडून होते.

माझ्या मनात आलं, असाच. तोही असाच पडला असता. बेशुद्ध, तोंड वर. ऑपरेटरनी हात लांबवून त्याची कॉलर धरली असती. दवाखान्यात टाके पडले असते. मी त्याला रागावले असते, दोन दिवस बोलले नसते त्याच्याशी. तो घरी असता.

मला तिथं उभं राहवेना. पिंपळाखाली जाऊन मी पदर तोंडात कोंबून रडले. ऑपरेटर मागून आले आणि काही न बोलता जरा अंतरावर उभे राहिले, आम्ही परत निघेपर्यंत.

बाबा पुढंही जात राहिले. नवीन माणसं आली की तो सेफ्टी ऑफिसर बोलावून घ्यायचा. जॅकेट नाही तर पुलावर पाऊल नाही, आणि एकट्यानं कडेला जायचं नाही, असा तिथं नियम झाला. बुडणाऱ्यामागं उडी मारू नका, आधी फेका, हे बाबा रिंग फेकून शिकवायचे. घरी आले की फार बोलायचे नाहीत. आंघोळ करून देवाशी बसायचे.

मग एका पावसाळ्यात, झड लागलेली असताना, दुपारी दारात एक बाई उभी राहिली. माझ्याहून लहान, कडेवर मूल, हातात स्टीलचा डबा. ओली झाली होती. म्हणाली, तिचा माणूस बार्जवर आहे. चार दिवसांमागं तो पुलावरून पाण्यात पडला होता. नदीला ओढ होती. पडताना पुलाच्या खांबावर डोकं आपटलं, त्याला काही कळलंच नाही. शुद्धीवर आला तेव्हा काठावर होता.

"मुँह ऊपर था?" बाबांनी विचारलं. ते उठून उभे राहिले होते.

"हव, बबा. सब कहते हैं, मुँह ऊपर था. रिंग भी नहीं पकड़ पाया. उसको कॉलर से खींचे."

बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते. तिनं मूल खाली ठेवलं, आधी बाबांच्या पाया पडली, मग माझ्याकडे वळली. मी मागं सरकले, पण तिनं वाकून पाय धरलेच. तिच्या भांगातला सिंदूर पावसानं ओघळून कपाळावर आला होता. मला तिचा राग आला. लिहायला लाज वाटते, पण आला. तिला उठवताना माझी बोटं तिच्या दंडावर जरा जास्तच आवळली गेली. मग मी तिला टॉवेल दिला, चहा केला, मुलाला बिस्किट दिलं. तिनं डब्यात अइरसे आणले होते, तांदळाच्या पिठाचे, गुळाचे. ती बराच वेळ बसली. आपला माणूस घरी झोपून आहे, डोक्याला टाके आहेत, चिडचिड करतो, असं तक्रारीच्या सुरात सांगत राहिली. मी ऐकत राहिले.

ती गेल्यावर मुलगी शाळेतून आली. तिनं अइरसा खाल्ला, दुसरा उचलला. "कौन लाया, मम्मी?"

"बाबांच्या कामावरच्या एक बाई आल्या होत्या," मी म्हणाले. ती खेळायला निघून गेली.

मी कपबशा उचलत होते. बाबा तिथंच खुर्चीवर बसले होते.

"एक तरी वाचला, बेटा," ते म्हणाले.

"आपला नाही न वाचला, बाबा."

"नाही," ते म्हणाले. "आपला नाही."

मी कपबशा आत नेल्या आणि धुवायला घेतल्या. बाहेर पाऊस चालूच होता. थोड्या वेळानं बाबा आत आले, माझ्या शेजारी उभे राहिले, आणि माझ्या हातातून धुतलेला एकेक कप घेऊन, पुसून फळीवर ठेवू लागले.